दलालाला वगळून

माझ्या बायकोने आणि मुलीने मिळून मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला वाटायला नको की मी आडून बोलतो आहे. तीस वर्षं मी बैलांच्या बाजारात दलाली केली, आता जळगावात जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. दातांवर कानस फिरवून म्हाताऱ्या बैलाला जवान करणारे लोक मी पाहिले आहेत आणि बैलाच्या तोंडात बोट घालून त्यांना चारचौघांत उघडं पाडलं आहे. त्या बाजारात मला कोणी फसवलं नाही. घरात तीन वर्षं फसत होतो आणि मला पत्ता नव्हता.

आत्ता हे उकरून काढायचं कारण वांगी. थंडी पडली की आमच्याकडे भरताची वांगी येतात. हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातात धरली तर मनगट दुखेल एवढी. जळगावात रस्त्याच्या कडेला पऱ्हाट्या पेटवून ती भाजतात. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं वाळकं झाड. त्याचा जाळ झटकन उठतो, झटकन बसतो आणि धुराला एक गोडसर, किंचित तेलकट वास असतो. सगळ्या शहराची भूक त्या वासाने चाळवते. माझं डोकं फिरतं. हा तिसरा हिवाळा.

तीन हिवाळ्यांमागे अशाच धुरात आम्ही बसलो होतो, धरणगावच्या रस्त्याला एका ओळखीच्या माणसाच्या शेतात. कापूस निघाला होता, बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग होता. बायका लाकडी बडगीत भाजलेली वांगी ठेचत होत्या, हिरव्या मिरच्या आणि लसूण टाकून. केळीची पानं पुसून ठेवली होती. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांची कढई तापत होती. माझी मुलगी कल्याणी त्या उन्हाळ्यात कॉलेजातून बाहेर पडली होती आणि तेव्हापासून मोबाइलवर पुण्याच्या कुठल्याशा क्लासची जर्मन शिकत होती. मला वाटत होतं, शिकू दे, पोरगी घरात आहे, वेळ जातो आहे. त्या दुपारी ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, की जर्मनीतल्या एका घराने तिला बोलावलं आहे. त्यांची दोन मुलं सांभाळायची, त्यांच्यातच राहायचं आणि भाषा शिकायची.

मी विचारलं, पुढे काय? नोकरी?

"भाषा शिकायच्या आहेत, नाना. आधी जर्मन. मग बघू."

ते 'मग बघू' मी तिथेच पकडायला हवं होतं. बाजारात एखादा शेतकरी बैलाची शेपटी कुरवाळत 'मग बघू' म्हणाला, की मी समजायचो, याने मनात दुसरा बैल ठरवला आहे. पण मुलीच्या बाबतीत कान बसतात.

मी तिला गफूरचाचांचं उदाहरण दिलं. धुळ्याच्या बाजारात मला दलाली शिकवली ती गफूरचाचांनी. मी तेव्हा दुसऱ्यांचे बैल धरणगावहून धुळ्याला पायी हाकत न्यायचो, अंगावरचा सदरासुद्धा दुसऱ्याचा. चाचा घरी उर्दू बोलायचे, शेतकऱ्यांशी अहिराणी, मारवाडी शेटजींशी मारवाडी, सीमेपलीकडून येणाऱ्यांशी गुजराती आणि डोंगरातून बैल घेऊन उतरणाऱ्यांशी त्यांची पावरी बोली. हा माणूस धुळे सोडून कुठे गेला नव्हता. मी म्हटलं, भाषाच शिकायच्या तर विमान कशाला? धुळ्याच्या बाजारात जाऊन उभी राहा.

कल्याणी म्हणाली, "चाचा पाची भाषांत एकच वाक्य बोलायचे, नाना. किती देता?"

मला हसू आलं आणि रागही. हसू आलं हे मी दाखवलं नाही.

बैलाचा सौदा कसा होतो, हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. आकडा कोणी तोंडाने बोलत नाही. समोरच्याचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून सांगायचं. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. दलाल आधी विकणाऱ्याचा हात धरतो, मग चार पावलं चालून घेणाऱ्याचा. याचा आकडा त्याला माहीत नाही, त्याचा याला नाही. दोन्ही आकडे फक्त दलालाला ठाऊक. यालाच दलाली म्हणतात. यात लबाडी आहे असं शिकलेले लोक म्हणतात. मी म्हणतो, दोघांना समोरासमोर उभं केलं असतं तर निम्म्या सौद्यांत काठ्या निघाल्या असत्या.

कल्याणीला ही बोटांची बोली लहानपणीच येत होती. सात-आठ वर्षांची असताना मी तिला धुळ्याला न्यायचो. ट्रकच्या फाळक्यावर बसून ती शेव खात बाजार बघायची. एका दुपारी गफूरचाचांनी तिच्या हातावर रुमाल टाकून तिला सगळं शिकवलं. एक बोट, दोन बोटं, पूर्ण पंजा, अर्ध्याची खूण. संध्याकाळपर्यंत ती चाचांशीच घासाघीस करायला लागली. चाचा मला म्हणाले, "इसका हाथ बोलता है।" मला केवढा अभिमान वाटला होता. पोरीने शिकलेली पहिली परकी भाषा मीच तिच्या हातात दिली, हे तेव्हा कुठे कळलं होतं.

तर त्या शेतात मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि तिच्या हातावर टाकला. तिने चार बोटं दाबली. चार वर्षं. मी एक दाबलं. तिने तीन दाबली. मी पुन्हा एकच दाबलं आणि तिकडे धुराकडे बघत राहिलो, जणू मला गरज नाही. मग ती काहीच करेना. नुसता माझा हात धरून बसली. तिचा हात गार होता आणि तिकडे बडगीचा ठोका चालू होता. शेवटी तिने दोन दाबली आणि मी हात सोडला. सौदा झाला. दोन वर्षं. चारावरून दोनावर आणलं म्हणून मी त्या दिवशी भरीत दोनदा वाढून घेतलं.

आता माझी चूक सांगतो. तशी मी चूक मानत नव्हतो, ती कामाची पद्धत होती. शोभा, माझी बायको, तिकडे चुलीपाशी होती. तिला मी काहीच विचारलं नव्हतं. कल्याणीला मात्र सांगितलं, की तुझी आई तयार नव्हती, मी कसंबसं दोन वर्षांवर राजी केलं. आणि घरी येताना गाडीत शोभाला सांगितलं, की पोरगी सहा महिन्यांसाठी जाते आहे. एका हाताला एक आकडा, दुसऱ्या हाताला दुसरा. मनात म्हटलं, सहा महिने होतील तेव्हा आणखी सहा मागू, थोडं थोडं करून दोन वर्षं निघून जातील आणि घरात रडारड होणार नाही. शोभाने मान हलवली. एवढंच. खिडकीतून बाहेर बघत होती. एरंडोलच्या अलीकडे विचारलं, तिकडे थंडी फार असते का. मी म्हटलं, असेल.

उन्हाळ्यात कल्याणी गेली. शोभाने तिला ज्वारीच्या बिबड्या दिल्या, उडदाचे पापड दिले, गोधडी द्यायला निघाली तेव्हा मी ओरडलो. जळगाव स्टेशनवर मीच रडलो, शोभा नाही. मला ते विचित्र वाटलं होतं. मग मी स्वतःशी हिशेब लावला, की तिला सहा महिनेच माहीत आहेत, म्हणून ती शांत आहे. माझी युक्ती लागू पडली. सहा महिने झाले, शोभाने विचारलं नाही. आठ झाले, वर्ष झालं. मी कारणं तयार ठेवली होती, एकाहून एक पक्की. ती विचारतच नव्हती आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

रविवारी फोन यायचा. माझ्याशी कल्याणी बोलायची ते असं, की जेवलात का, तब्येत बरी ना, ट्रॅक्टर गेले का. मी विचारायचो, ऊन आहे का, पाऊस आहे का. मग मी फोन शोभाकडे द्यायचो आणि बाहेर जायचो. दोन माणसांच्या बोलण्यात उभं राहणं मला धंद्यात जमलं, घरात कधी जमलं नाही.

घरातल्या बोलण्याबद्दल एक सांगायला हवं. जळगावात आलो तेव्हा पहिल्यांदा कर्जासाठी एका बँकेत गेलो होतो. तिथल्या साहेबाने माझं बोलणं ऐकून शेजारच्याकडे बघून डोळा मारला आणि मला म्हणाला, जरा शुद्ध बोला. मी त्याच्या टेबलावरचे कागद उधळले असते, पण कर्ज हवं होतं. घरी येऊन नियम केला, की या घरात पोरीसमोर अहिराणी बोलायची नाही. मी शहाण्यासारखी पुस्तकी मराठी शिकलो, ती अशी, हीच, जी तुम्ही वाचताय. शोभा साक्रीच्या पलीकडच्या खेड्यातली. तिची सगळी बोली अहिराणी. नियम तिनेही पाळला. पण ती हळूहळू कमी बोलायला लागली. वाक्य सुरू करायच्या आधी थांबायची. मला वाटायचं, स्वभावच अबोल आहे. वीस-बावीस वर्षं मला तसंच वाटत होतं. लग्नात तिच्या माहेरच्या बायका म्हणाल्या होत्या की आमची शोभी बोलायला लागली की विहिरीवरचा रहाट थांबतो. मी ते चेष्टेवारी नेलं होतं.

या हिवाळ्याच्या तोंडाला एका भर दुपारी मी ट्रॅक्टरचे कागद न्यायला घरी आलो. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, शेजारीण आली असेल. मोकळं, पोटातून येणारं हसू, मध्येच खोकला येईल असं. चपला काढताना कळलं की ती शोभा आहे. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, समोर मेथी, आणि पलीकडून कल्याणी विचारते आहे, "नाना काय करी ऱ्हायनात?"

माझी मुलगी अहिराणीत बोलत होती. जिच्या कानावर मी घरात त्या बोलीचा एक शब्द पडू दिला नव्हता.

शोभा म्हणाली, "काय करतीन, जुना ट्रॅक्टरले नवा रंग दी ऱ्हायना व्हतीन." दोघी हसल्या. मग कल्याणी थोडी गंभीर झाली. दोन वर्षं केव्हाच संपली, परीक्षा बाकी आहे असं नानांना किती दिवस सांगायचं, असं काहीतरी म्हणाली. आणि शोभा मेथी निवडता निवडता, मान वर न करता बोलली, "तुना बापले मी दखी लिसू. तू तुनं शिक." म्हणजे बापाला ती बघून घेणार, पोरीने आपलं शिकत राहायचं.

मी दारात उभा होतो. तांब्या हाताला लागला तो मी आपटला. पाणी फोनवर उडालं. कल्याणीचा चेहरा एकदम लहान झाला आणि फोन बंद पडला. मग मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शोभाने फोन पदराने पुसला, मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. माझा दम संपल्यावर ती बोलली.

ती म्हणाली, की ज्या दिवशी तुम्ही गाडीत मला सहा महिने सांगितले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीने मला खरं सांगितलं होतं. दोन वर्षं. मी तिला म्हटलं, चार राहा. तुम्हाला समजवायचं काम माझं.

"तुम्ही मधे होतात म्हणून आम्हाला मधला माणूस नको होता," ती म्हणाली. सरळ, न थांबता. एवढं लांब वाक्य तिने शुद्ध मराठीत न अडखळता म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दलालाच्या धंद्यात एकच गोष्ट मरणासारखी असते. घेणारा आणि विकणारा तुमच्या पाठीमागे भेटतात, चहा पितात आणि सौदा करून टाकतात. तुम्ही मात्र रुमाल खांद्यावर टाकून बाजारात फिरत असता, दोघांच्या आकड्यांची जुळवाजुळव करत. लोक बघतात आणि कोणी तुम्हाला सांगत नाही. मी तीन वर्षं तसा फिरत होतो.

पुढचे काही दिवस मी घरात जेवलो नाही. धुळ्याला काम काढून गेलो. बाजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, बैल कमी, मोकळी जागा जास्त. गफूरचाचा गेल्याला बरीच वर्षं झाली. एका चहाच्या टपरीवर बसून मी विचार केला, की या दोघी बोलत तरी काय असतील एवढं. माझ्याकडे अडीच वर्षांच्या रविवारांचं हवामान होतं. बाकी काही नव्हतं.

परत आल्यावर शोभाकडून थोडं थोडं कळलं. मी विचारलं नाही, ती भाकरी थापताना आपण होऊन सांगायची. पहिल्या वर्षी कल्याणी त्या घरात होती, मुलं चांगली होती, भाषाही आली. दुसऱ्या वर्षी ती म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात मदतीला लागली. आणि तिथे तिची वर्गातली जर्मन चालेना. म्हाताऱ्या आपसात गावाकडचं काहीतरी बोलायच्या, तिच्याशी बोलताना मात्र जड, पुस्तकातलं. त्यांतली एक आजी दिवसभर गप्प असायची. तिथले लोक म्हणायचे, तिला बोलायची आवड नाही. कल्याणी सकाळी तिच्या स्वेटरची बटणं लावायची. बटणं लावता लावता ती एक एक गावाकडचा शब्द विचारायची, चुकीचा म्हणायची, आजी सुधारायची. दोन महिन्यांत ती आजी एवढी बोलायला लागली की तिच्या मुलाने फोन करून विचारलं, आईला काय झालं.

त्या दिवशी संध्याकाळी कल्याणीने शोभाला फोन केला आणि म्हणाली, "आई, तू माहेरी बोलतेस ते मला शिकव."

शोभाने हे सांगितलं तेव्हा तव्यावर भाकरी होती. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. आमच्या घरातली गप्प बाई ओळखायला माझ्या मुलीला एवढ्या लांब जावं लागलं. मी तिच्या शेजारी बावीस वर्षं जेवत होतो. राग आला तो कोणावर, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आता कल्याणी पोर्तुगालमध्ये आहे. जर्मन झाली, आता ती भाषा. समुद्राच्या काठचं शहर आहे, चढ-उताराचं. एका खाणावळीत काम करते आणि दुपारी वर्गाला जाते. तिथे आपल्याकडच्यासारखं वांगं मिळत नाही, जांभळं मिळतं, त्याला चव नाही, असं तिचं म्हणणं. हे मी परवा तिच्याच तोंडून ऐकलं, कारण तांब्या आपटल्यापासून रविवारचा फोन शोभा माझ्याकडून घेत नाही आणि मला हवामानापलीकडे काहीतरी विचारावं लागतं. जमत नाही अजून. मध्येच दोघंही गप्प होतो. पण ती फोन ठेवत नाही आणि मीही ठेवत नाही.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. खरंच बसलो असतो. पण गेल्या आठवड्यात घरी भरीत होतं. शोभा पुऱ्या तळत होती आणि ताटलीत टाकताना मोजत होती. उं, दोइश, त्रेश. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, पोर्तुगीज. मग हात पुसून तिने कपाटातून एक निळं पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं. पासपोर्ट. तिचा. पोलीस चौकशीला आला होता तेव्हा मी धुळ्याला होतो. फोटोत तिने डोक्यावरचा पदर काढला आहे आणि कॅमेऱ्याकडे अशी बघते आहे की मला ती क्षणभर ओळखू आली नाही. मार्चमध्ये जाणार, तीन महिने. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, चाळीसगावच्या पलीकडे एकटी कधी गेली नाही.

मी म्हटलं, जा. मी का अडवू? मनापासून म्हटलं. तिने मुलीला शिकवलं, आता मुलीने तिला जग दाखवावं, यात वावगं काही नाही. वर मी असंही म्हटलं, की थंडीचे कपडे मी घेऊन देतो, दुकानदार तुला लुटतील.

पण पासपोर्टात घडी घालून ठेवलेला एक कागद होता. कल्याणीने लिहिलेलं निमंत्रणाचं पत्र, तिकडच्या कचेरीसाठी. इंग्रजीतलं, मी सावकाश वाचलं. माझी आई माझ्याकडे राहायला येणार आहे, ती माझ्या खोलीत राहील, तिची जबाबदारी माझी. खाली शोभाचं पूर्ण नाव, जन्मतारीख. मग सही. मी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

मी दोघींवर ओरडलो आहे, खोटं बोललो आहे, एकीची बोली बंद केली आणि दुसरीची वर्षं घासाघीस करून कमी केली. ते सगळं मला मान्य आहे, लिहून देतो. पण मला यायचं आहे की नाही, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. 'नाना दुकान सोडून कुठे येतील' असं तुम्ही दोघींनी आपसात ठरवून टाकलं असेल, तर ते कोणाच्या परवानगीने ठरवलं? मला तिकडचा समुद्र बघायचा आहे. मला ती खाणावळ बघायची आहे, जिथे माझी मुलगी अनोळखी लोकांना त्यांच्या भाषेत काय हवं विचारते. मला तिच्यासमोर बसून तिचं ऐकायचं आहे, जे कळेल ते आणि जे कळणार नाही तेही. पासपोर्टासाठी फोटो मी काल काढून आलो.

कल्याणी, त्या पत्रात दुसरं नाव का नाही? आईकडे निरोप ठेवू नकोस. उत्तर तू द्यायचं आहेस आणि मला द्यायचं आहेस.